द्राक्षाच्या चोथ्यात पेरलेलं धान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं हातानं शिकलो, म्हणून कुणी मला काही शिकवायला आलं की डोकं तापतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्या तापट डोक्यानंच झालं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. चेन्नईत, गिंडीच्या एका लहान कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढून मी घरी बसलो होतो. मैलापुरात आम्ही नवराबायको वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, खाली घरमालकीण. त्या तंजावरकडच्या मराठी, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला तंबी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी, मधेच तमिळ घुसायचं. आईबापांमागं नात त्यांनीच वाढवली होती. ती मला तात्ता म्हणायची, म्हणजे आजोबा. पोंगलानंतर तिचं लग्न होतं. आधी एकदा तिचं ठरलेलं मोडलं होतं, म्हणून या खेपेला घरात सगळे जपून बोलायचे.

त्यांच्यात लग्नाआधी पालिगै पेरतात. मातीच्या पाच लहान कुंड्या, दुधात भिजवलेली नऊ धान्यं, पेरायची सवाष्णींनी. मुहूर्तापर्यंत कोंब वर आले की पोरीचा संसार फुलणार. आपल्या नवरात्रातल्या घटासारखंच म्हणा. हल्ली बरेच जण लग्नाच्या दिवशी सकाळी पेरून मोकळे होतात. अक्का पाच दिवस आधी पेरणाऱ्या.

"तुमच्या घटाचें धान बघितलें होतें मी," त्या म्हणाल्या. "वीतभर आलेलें. माती तुम्हीच द्यायची, तंबी."

माझी छाती फुगली. गच्चीवरची साधी माती दिली असती तर काम झालं असतं. पण मला त्यांना माझं कसब दाखवायचं होतं.

मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या. नाताळासाठी त्या घरीच काळ्या द्राक्षांची वाईन करत. गाळून उरलेला चोथा, म्हणजे सालं, बिया, देठ, टाकून देणार होत्या, तो मी डबाभर मागून आणला आणि झाकण घट्ट लावून गच्चीवर ठेवला. आमच्या गावाकडं साखर कारखान्याची मळी रानात टाकत, पीक जोमात येई. उसाची घाण चालते तर द्राक्षाची का नाही? महिन्याभरानं झाकण काढलं तर आंबूस भपकारा आला.

बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, दारूचा वास येतोय याला. देवाच्या कामाला हे?"

"खत आहे ते. शेणाला काय अत्तराचा वास येतो?"

"अक्कांना सांगा तरी."

"त्यांनी माती मागितली. मी माती देतोय."

निम्मी माती, निम्मा चोथा असं कालवलं. काळीभोर दिसायला लागली. रविवारी संध्याकाळी सवाष्णींनी पेरणी केली. लग्न शुक्रवारी. पेरून उरलेले मूग मी वर आणले आणि बायकोचं तोंड बंद करायला दोन वाडग्यांत लावले, एकात साधी माती, एकात माझी. म्हटलं, बघ तुझे कसे मरतुकडे येतात.

मंगळवारी कुंड्यांत काही नव्हतं. अक्का म्हणाल्या, थंडीनें असेल. चेन्नईत थंडी कसली, पण मीही मान हलवली.

बुधवारी सकाळी मी खाली गेलो तेव्हा गावाहून आलेली अक्कांची नणंद कुंड्यांपाशी उभी होती. "पहिलें मोडलें, आतां धानहि उगवेना. मुलाकडचे विचारतील तर काय सांगणार ओ?" आवाज मुद्दाम मोठा. ती आत गेली तेव्हा मला दिसलं, नात तिथंच दाराआड उभी होती. ती पुढं येऊन कुंड्यांजवळ उकिडवी बसली, केसातली पिन काढून माती उकरायला लागली. मला बघून तमिळमध्ये विचारलं, "तात्ता, माझ्यामुळंच असं होतं का?"

मी जिना चढलो.

वर बायकोनं दोन्ही वाडगे माझ्या पुढ्यात ठेवले. साध्या मातीतले मूग माती फोडून मान वर काढत होते. माझ्या मातीतला एकही नाही. बोटानं उकरलं. दाणे फुगले होते, साल फाटली होती, मुळाचं टोक मात्र तपकिरी, चटका बसल्यासारखं. तेव्हा आठवलं की वडील मळी लगेच टाकत नसत. दोन पावसाळे खड्ड्यात मुरवत, मग रानात. मला जोमाचं पीक तेवढं आठवलं होतं, खड्डा नाही.

"तुम्ही जाताय की मी जाऊ?" बायकोनं विचारलं.

"जातो."

पण बसून राहिलो. अक्का घर सोडा म्हणतील, ही भीती होतीच. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या नणंदेसमोर, कॉलेज शिकलेल्या पोरीसमोर, मला कळत नव्हतं असं म्हणायचं होतं. जेवणाची वेळ झाली, बायकोनं ताट वाढलं नाही. तेव्हा वाडगे घेऊन उतरलो. तिघी समोरच होत्या.

"अक्का, दोष मातीत आहे. मी तिच्यात द्राक्षाचा चोथा घातला होता."

"कसला चोथा?"

"वाईन गाळून उरलेला."

"शिव शिव," नणंद म्हणाली. "पालिगैंत दारू घातली या मनुष्यानें."

अक्कांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वाडग्यांवर वाकल्या. "दोन्ही एकाच दिवशीं लावले?"

"रविवारीच. तुमचेच उरलेले मूग."

त्या नणंदेकडं वळल्या. "बघितलेंस? पोरीचें काहीं नाहीं यांत." मग मला म्हणाल्या, "तीन दिवस गप्प बसलांत."

"नाही अक्का. आज सकाळीच कळलं."

"सरी, बरें. सकाळीं कळलें. आतां दुपार झाली."

पोर रडत होती, नणंद तिला बघत होती, आणि मी वाडगे कुठं ठेवायचे ते न कळून तसाच उभा.

"साधी माती आणा," अक्का म्हणाल्या. "उंबऱ्याबाहेर ठेवा. आंत यायचें नाहीं."

कुंड्या रिकाम्या करून हळदीच्या पाण्यानं धुतल्या. नवं धान कोमट दुधात भिजवून संध्याकाळी पुन्हा पेरलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. मला कुणी बोलावलं नाही.

गुरुवारी काही नाही. शुक्रवारी पहाटे कुंड्या मंगल कार्यालयात नेल्या तेव्हा मूग आणि मोहरी तेवढी वर आली होती, नखाएवढी. बाकीचं धान मातीतच.

मुलाची आई पाणी घालायला वाकली आणि थांबली. "एवढेसेच?" तिनं तमिळमध्ये विचारलं. नणंदेनं तोंड उघडलं, तोच अक्का म्हणाल्या, "परत पेरलें. पहिली माती वाईट होती."

"मातीला काय झालं?"

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मदत करणार नव्हत्या. पोर मान खाली घालून उभी होती, बांगड्या मागंपुढं करत.

मी पुढं झालो. "माती मी दिली होती. कच्चं खत घातलं. चूक माझी."

माझी तमिळ मोडकी, पण एवढं नीट जमलं. बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या कोंबांकडं. मग पोरीचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि दोघींनी मिळून कुंडीत पाणी सोडलं.