अळी आढळली

डासांच्या अळ्या शोधणं हे हौसराव साळव्यांचं सरकारी काम. हिवतापाचे कर्मचारी म्हणून एकवीस वर्षं त्यांनी न्हावऱ्याच्या आसपासचे रांजण, हौद आणि फुटके टायर पालथे घातले होते. लांब दांड्याची पांढरी वाटी, खात्यात तिला डिपर म्हणत, सायकलच्या दांडीला कायम बांधलेली. लोक त्यांना अळीमामा म्हणत आणि ते ओ देत.

वस्तीच्या पलीकडे, राखीव जंगलाच्या तारेआड एक तळं होतं. भोवती हिवर, बाभळी आणि कमरेएवढं गवत. या तळ्यात त्यांना डासाची अळी कधीच सापडली नव्हती. का, ते ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात कळलं. वाटीत चिखलाच्या रंगाचा, सहा पायांचा किडा आला. गंमत म्हणून हौसरावांनी त्याच्यापुढे गटारातल्या अळ्या सोडल्या. किड्याचा खालचा ओठ हातासारखा पुढं झेपावला आणि अळी गेली. एकामागोमाग अकरा गेल्या. काही दिवसांनी सकाळीच तसा एक किडा लव्हाळ्याच्या काडीवर चढलेला दिसला. त्याची पाठ उलली आणि आतून ओला, चुरगाळलेला चतुर बाहेर आला. त्याचे पंख उन्हात ताठ होईपर्यंत हौसराव जागचे हलले नाहीत. त्या दिवशी तीन घरं तपासायची राहिली.

मग ते चतुर मोजून वहीत लिहू लागले. जंगलातल्या तळ्यावर बावीस जाती भरल्या. उसाच्या चारीवर सात. दौंडला मेहुण्याकडे गेले की नदीकाठी नऊ. कारेगावला वर्षभर बदलीवर होते, तेव्हा तिथल्या ओढ्यावर दोन, तेही रोज नाही. शास्त्रातली नावं माहीत नव्हती, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली होती: मिरच्या, गेरूपाठ्या, काचसुई. तारेच्या आत बावीस आणि बाहेर सात का, हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. जंगलाच्या गार्डला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडं ससं, लांडगं मोजत्यात, मामा. किडं न्हाईत." आरोग्य खात्याच्या फॉर्मवर तर एकच रकाना होता. अळी आढळली: होय किंवा नाही.

दोन हजार सहा साली चिकुनगुन्या आला. गावंच्या गावं गुडघे धरून चालू लागली. डासांची सगळी ठिकाणं कळवा, असा तालुक्याच्या कार्यालयातून आदेश आला. या तळ्याला कुणी हात लावू नये म्हणून हौसरावांनी होय-नाहीचा रकाना मोकळा ठेवला आणि शेऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चतुराच्या अळ्या भरपूर. त्या डासांच्या अळ्या खातात. येथे औषध टाकू नये.'

कार्यालयात यादी टाइप झाली. मोकळा रकाना चालत नाही, म्हणून तिथं 'होय, भरपूर' पडलं. शेऱ्याला यादीत जागा नव्हती.

चौथ्या दिवशी वस्तीवरच्या सारजाबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं. "अळीमामा, तुमची जीप येऊन गेली की. तळ्यावर काळी साय धरलीया. माझ्या शेरड्या तोंड लावंनात."

"कसली जीप?"

"आता मला इचारता व्हय? खातं तुमचं!"

हौसराव तळ्यावर गेले. पाण्यावर जळक्या ऑइलचा थर होता. काठच्या काड्यांवर किडे अर्धवट चढून तसेच चिकटले होते. त्यांनी एक बोटावर घेतला, शर्टाला पुसला. तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शिरूरच्या कार्यालयात साहेबांपुढे उभे राहिले.

"साळवे, तुम्हीच लिहिलंय, अळ्या भरपूर."

"चतुराच्या, साहेब."

"चतुर अळी? म्हणजे शाळेत जाते का?" साहेब हसले, म्हणून शेजारचे दोघंही हसले.

"साहेब, हा ताप रांजणातल्या, टायरातल्या डासानं येतो. तळ्यातल्या न्हाई."

"मग टायरातही टाका. कुणी अडवलंय?"

सहा आठवड्यांत पावसानं ऑइल धुऊन नेलं. तळ्यावर सगळ्यात आधी परतले ते डास. हौसरावांनी वाटी बुडवली आणि ती वळवळत वर आली. एकवीस वर्षांत या तळ्यात पहिल्यांदा. आता तरी पटेल, या आशेनं त्यांनी पाणी बाटलीत भरलं, एस. टी.नं शिरूरला नेलं आणि टेबलावर ठेवलं.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "बघा! मी म्हणत नव्हतो? तळं पॉझिटिव्हच होतं. उद्या ऑइलचे दोन डबे घेऊन जा. इथं सही करा."

"करणार न्हाई, साहेब."

असा नकार हौसरावांनी नोकरीत पहिल्यांदाच दिला होता. आठवडाभरात कारणे दाखवा नोटीस आली.

त्यांनी चार पानं खुलासा लिहिला. पुरावा हवा म्हणून वहीतली पानं फाडून जोडली: चौदा वर्षांच्या तारखा, बावीस नावं, कोण कुठल्या काडीवर बसतो ते. क्लार्क सतीशनं पहिलं पान वाचलं, बाकीची उलटली.

"मामा, ह्यात माफी कुठंय?"

"न्हाई."

"खाली एक ओळ घाला. 'पुन्हा असे होणार नाही.' साहेब मिटवून टाकतील."

"पुन्हा व्हायला तिथं ऱ्हायलंय काय?"

सतीशनं शिक्का मारला, नंबर टाकला. मग काहीतरी आठवून म्हणाला, "झेरॉक्स ठेवलीय ना?"

हौसरावांचा हात पुढं गेला. "द्या जरा. काढून आणतो."

"आवक नंबर पडला, मामा. आता तो कागद माझाबी न्हाई आन् तुमचाबी न्हाई." सतीशला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण त्यानं पानं फाइलमध्ये लावली आणि नाडी बांधली.

बाहेर अंगणात जीपमध्ये दोन डबे चढवत होते. ड्रायव्हरनं हौसरावांना पाहून पुढची सीट हातानं झाडली.

"न्हावऱ्याला ना? बसा की. तिकडंच चाललोय."

हौसराव एस. टी. स्टँडकडे चालू लागले.