म्हशीनं पास केलेलं घर

घर कसं पारखावं, याबद्दल तात्यांचं मत ठाम होतं. लोक भिंती बघतात, दिशा बघतात. तात्या आपली म्हैस घरात नेत. "जनावर जिथं निवांत बसून रवंथ करतंय, तिथं माणसाचा संसार हुतोय," असं ते सांगत. हा माणूस कोपऱ्यावर धारोष्ण दूध विकणारा; पण मंगळवार पेठेत जुनं घर घेणारा-विकणारा आधी त्यांच्या गोठ्यात जाई.

आमच्या निपुत्रिक आत्यानं तिचं घर माझ्या नावावर केलं, तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. भिंतींचे पोपडे निघालेले, मागच्या खोलीतून आभाळ दिसायचं. आईला वाटे, डागडुजी करून भाडेकरू ठेवावेत. मला ते विकून स्कूटर घ्यायची होती. गिऱ्हाईकही तयार होतं. आई म्हणाली, "तात्या म्हणतील तसं."

म्हैस रविवारी यायची ठरली. त्या सकाळी मी गुपचूप जाऊन मधल्या खोलीत घागरी घागरी पाणी ओतलं. सारवलेल्या जमिनीचा पार चिखल झाला. ओलीत कोण बसेल, असा माझा हिशेब! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बी. ए. झालो होतो, हेही तेव्हापासून जरा हळूच सांगतो.

म्हैस चौकटीला अंग घासत आत आली, मागून अर्धी गल्ली.

"ओल केवढी आहे बघा, तात्या," मी म्हणालो.

"तू गप. तिला बघू दे की."

तिनं हुंगलं आणि माहेरी आल्यासारखी फतकल मारून बसली. डोळे मिटून रवंथ सुरू. पेंड दाखवली, शेपूट पिरगाळलं, तालमीतल्या पोरांनी ढकललं, दुपारपर्यंत उठेना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आत डोकावून म्हणालं, "पावणं, भाडेकरू आदीच ठिवलाय की!" आणि गेलं ते गेलंच.

तात्यांचा ऊर भरून आला. "इकू नगंस, पोरा. असलं घर जल्मात बघितलं न्हाय!"

स्कूटरऐवजी विटा आणि चुना आला. पुढं स्वतःच्या पोरांशी पटेना म्हणून तात्याच तिथं भाड्यानं राहायला आले. कौलं कितीदा चाळली, तरी पावसाळ्यात नेमकं त्यांच्या खाटेवर गळायचं. ते खाट सरकवत, बादली ठेवत आणि आल्यागेल्याला सांगत, "घर झकास हाय. म्हशीनं पास केलंय."

शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. बादलीत टपटप चाललेली. मला राहवेना.

"तात्या, त्या दिवशी मी..."

"गळतंय म्हणून म्हणतोस व्हय?" त्यांनी माझा हात दाबला. "मनाला लावून घिऊ नगंस. घराचा काय दोष न्हाय. पाऊसच वाकडा पडतोय."

मी मान हलवली आणि भरलेली बादली ओतायला बाहेर गेलो.