दहा दिवसांचा रंग

मेंदीचा कोन उघडला की त्या वासानं मला कार्डिफमधली ती सकाळ आठवते. आमची शेजारीण ब्राझीलच्या जंगलातल्या एका आदिवासी जमातीतली. सणासाठी तिनं लेकीच्या हातांवर, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, एका रानफळाच्या रसानं काळ्या रेघा काढल्या होत्या. शाळेनं मुलीला घरी पाठवलं: धुऊन या. तो रंग दहा दिवस तरी निघत नाही. मी गेले तेव्हा शेजारीण भांड्यांच्या घासणीनं ते हात घासत होती. कातडी लालबुंद झाली होती, रेघा तशाच होत्या. "मम्मी, दुखतंय!" मुलगी ओरडत होती. मी घासणी हिसकावून घेतली आणि तडक शाळेत गेले. युनिफॉर्मची चार पानी नियमावली मी दोनदा वाचली होती. त्यात अंगावरच्या रंगाबद्दल एक ओळही नव्हती. "गेल्याच आठवड्यात माझ्या मुलीची मेंदी तुम्ही अख्ख्या वर्गाला कौतुकानं दाखवलीत," मी हेडटीचरना म्हणाले. त्या गोड हसल्या. "तुमचं वेगळं. ते कल्चर आहे." "मग हे काय आहे?" "रंग गेला की पाठवा तिला." आणि मी सवयीनं 'थँक यू' म्हणून बाहेर पडले. शेजारणीच्या मुलीची शाळा शनिवार-रविवार सोडून आठ दिवस बुडाली. आज मला त्या बाईंपेक्षाही माझ्या त्या 'थँक यू'चा जास्त संताप येतो.