गोधडीच्या पोटातले तांदूळ

देवीनं माझं तोंड बंद करावं, अशी प्रार्थना माझ्या घरचे कित्येक वर्षांपासून करत आले आहेत. मी स्वतः ती पहिल्यांदा केली वाशीमच्या गोधड्यांच्या प्रदर्शनात, आणि तीही खोटं बोलून झाल्यावर.

मी जऊळक्याची. गोधड्या शिवते आणि गोष्टी सांगते. दुसरं काम पहिल्यापेक्षा जोरात. माझ्या गोधडीखाली निजलेला जावई तीन दिवस उठला नाही, शेवटी बैलजोडी लावून ओढावा लागला, असं मी गावभर सांगितलं आहे. लोक हसतात, मला बरं वाटतं. पण त्या दिवशी जे बोलले, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

शेजारच्या शकीलाआपाचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनं आपली गोधडी माझ्याजवळ दिली. "तुह्यासंगं माही बी ने व," एवढंच म्हणाली. जुन्या लुगड्यांचे, ओढण्यांचे तुकडे, आणि काठापासून निघून फिरत फिरत मधल्या चौकोनात उतरलेला बारीक धावदोरा. परीक्षकबाई तिच्यावर कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. शेजारच्या माझ्या गोधडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "ही कोणी शिवली?" त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, "म्याच." वर, नक्षी देवीनं स्वप्नात दाखवली, हेही जोडून दिलं. आपाचं नाव तर खाल्लंच, देवीलाही खोट्या साक्षीला उभं केलं.

थोड्या वेळात कळलं, पहिलं बक्षीस त्याच गोधडीला. मी मनातल्या मनात देवीपुढे हात जोडले. आई, माझं तोंड बंद कर, वीज जाऊ दे, मंडप पडू दे, पण माझं नाव पुकारू देऊ नको. मंडप जागचा हलला नाही.

तेवढ्यात एक म्हातारी आली. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिच्या पोटात घास ठेवतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणतात. म्हातारीनं आपाच्या गोधडीचा तो कोपरा चिमटीत दाबला.

"काय चारलं व बाई हिले?"

"भाकर," मी म्हणाले. मी नेहमी भाकरीचाच तुकडा ठेवते.

"मंग हे दाणे कायचे? तांदूय हायेत." मग अगदी हळू म्हणाली, "जिनं हिले जेवू घातलं, तिले काहून उपाशी ठेवून राह्यली?"

मी उठले, माइकजवळ गेले आणि सगळं सांगून टाकलं. आणि काय झालं? लोक हसले! आमच्या बचत गटातली एक बाई ओरडली, "हिचं आयकू नका मॅडम, हे अशीच फेकते!" जन्मभर थापा पचल्या, आणि एक खरं बोलले तर कोणी घेईना. मला भर मंडपात रडू फुटलं.

तेव्हा तीच म्हातारी पुढे झाली. "दोन्ही गोधड्यायचे कोपरे दाबून पाहा. घास येगळा, त हात बी येगळा." परीक्षकबाईंनी पाहिलं. माझ्या गोधडीत भाकरीचा कडक तुकडा, त्या गोधडीत दाणे. बक्षिसाच्या चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं, आपाचं लिहिलं.

एरवी गोष्ट सांगताना मी त्या म्हातारीला चार हात लावले असते, वाघावर बसवलं असतं. पण नाही. तिला दोनच हात होते, बोटं सुईनं टोचलेली. पाणी प्यायली आणि मेडशीच्या बसमध्ये चढून गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती, हे मी ठरवत नाही. मी मागितलं होतं लपायला, मिळालं भलतंच, एवढं खरं.

घरी येऊन आपाला रडत रडत सगळं सांगितलं. तिनं शिवायला घेतलेली नवी गोधडी बाजूला ठेवली.

"दुखलं मले," ती म्हणाली. "पण दुसऱ्याच्या तोंडून आयकू देलं नाही, थे बरं केलं. आता रडू नको, इकडं ये. सुई ओवून दे, मले दिसत नाही."

मी सुई ओवून दिली आणि तिच्या नव्या गोधडीचं दुसरं टोक धरून बसले. तिन्हीसांजेपर्यंत एक शब्द बोलले नाही. घरच्यांना अजून पटत नाही, पण देवीची शपथ, हे झालं आहे.