हरकतदार माझे दादा

तारखेच्या दिवशी माझे वडील, म्हणजे दादा, आष्टीजवळच्या आमच्या गावाहून पहिल्या एसटीनं परतूरला माझ्या घरी येत. माझ्या हातची भाकरी खात, ठेचा मिळमिळीत झालाय म्हणून कुरकुरत, आणि मग आम्ही दोघं एकाच रेल्वेनं जालन्याला जात असू. धर्मादाय कार्यालयात पोचलो की ते एका बाकावर आणि मी दुसऱ्यावर. कारण कागदावर ते हरकतदार होते आणि ज्या नेमणुकीला त्यांची हरकत होती, ती माझी होती.

भांडण गावच्या खंडोबाच्या देवळाच्या ट्रस्टचं. पाच विश्वस्तांमधली एक जागा पहिल्यापासून मेंढपाळांच्या घरांसाठी, आणि माझ्या जन्माआधीपासून तिथे दादा. नियम असा, की सलग तीन सभा चुकल्या की पद जातं. उन्हाळ्यात दादा लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला जातात, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. तिन्ही सभा नेमक्या त्याच दिवसांत झाल्या. आई गेल्यापासून अशा वेळी घराला कुलूपच असतं. नोटिसा त्या कुलपाशेजारी चिकटवल्या गेल्या. दादांना काढलं, आणि त्यांच्या जागी माझं नाव घालून ट्रस्टच्या अध्यक्षांनी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल केला.

माझं नाव आभाळातून पडलं नव्हतं. अध्यक्ष माझ्या घरी आले होते. "बाई, तुम्ही शिकलेल्या, शाळेवर शिकवता. दादांचं वय झालं. जागा तुमच्याच घरात राहती," असं गोड गोड बोलले आणि मी संमतीपत्रावर सही केली. दादांना नंतर सांगू म्हटलं, आणि माझ्या त्या नंतरच्या आधी त्यांना कार्यालयाची नोटीस मिळाली. त्यांचा फोन आला. "माय, इथं तुझं नाव हाय."

"जागा घरातच राहावी म्हणून केलं, दादा."

"बरं," म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी वकील गाठला.

खाई त्याला खवखवे. पुढे सगळ्या तारखांना मी त्यांच्यासाठी जास्तीची भाकरी बांधून नेली, पण त्या विषयाला तोंड फोडलं नाही.

मग उलटतपासाचा दिवस आला. दादांच्या वकिलानं हरकतीत लिहिलं होतं: सदर महिला विवाहानंतर परगावी राहते, तिला देवस्थानच्या कामाची माहिती नाही, सबब ती विश्वस्तपदास अपात्र आहे. अध्यक्षांच्या वकिलानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हेच तुमचं म्हणणं ना?"

दादा ताडकन उभे राहिले. "कोण म्हणलं हे? माझ्यापेक्षा हुशार हाय माझी पोरगी. देवळाचं सारं तिला बराबर माहीत हाय."

"खाली सही तुमची आहे."

"सही माझी हाय. म्हणणं माझं न्हाई."

त्यांच्या वकिलानं डोक्याला हात लावला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला. "मग बाबा, तुमची हरकत तरी कशाला आहे?"

दादा साहेबांकडे वळले. "मी मेंढरं घेऊन गेल्तो, साहेब. मेलो न्हवतो. बोलवून इचारायचं व्हतं, का बाबा, जागा सोडतो का. कुणीच इचारलं न्हाई."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले आणि माझी संमती मागे घेते म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचा बैल सोडून दिला.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर चहा घेता घेता दादा म्हणाले, "खरं सांग. जागा घरात ऱ्हावी म्हणून सही केल्ती, का तुला बसायचं व्हतं?"

थाप मारता आली असती. पण त्याच दिवशी हा माणूस माझ्यासाठी स्वतःची केस बुडवायला निघाला होता.

"मला बसायचं होतं," मी म्हटलं. लहानपणापासून सभेच्या दिवशी मंडप झाडायचा, घोंगडी अंथरायची आणि बाहेर जायचं, एवढंच आम्हा पोरीबाळींच्या वाट्याला. भिंतीआडून मी सगळं ऐकत असे, आणि आत बसलेल्यांपैकी निम्म्यांपेक्षा मला जास्त कळतं, असं तेव्हाही वाटायचं.

दादांनी चहा खाली ठेवला. "मंग मला मागायची व्हती ना, माय. दिली असती की."

मी तिथेच, भर प्लॅटफॉर्मवर, हमसून हमसून रडले. दादा बावरले. जल्दीनं उठून शेंगदाण्याचे दोन पुडे घेऊन आले आणि दोन्ही माझ्याच मांडीवर ठेवले.

काढण्याआधी दादांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, या मुद्द्यावर बदल अर्ज फेटाळला गेला. दादा पुन्हा विश्वस्त झाले. आता सभा असली की गुडघे धरत, पण धुतलेला पटका बांधून जातात. आधी मला फोन करून विषय सांगतात, माझं मत विचारतात, आणि सभेत ते स्वतःचं म्हणून ठणकावून मांडतात. नंतर पुन्हा फोन करून, कोणाची कशी बोलती बंद केली, ते सांगताना त्यांचा आवाज तरण्या माणसाचा होतो.

मी नुसता शब्द टाकला, तर ते त्याच दिवशी राजीनामा लिहून देतील. ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून मी मागत नाही.