जेवणाच्या सुट्टीतला ब्रेकपॉइंट

वडिलांचा दहावा झाला होता, तेरावा व्हायचा होता आणि मधल्या दिवसांत करायला काही नव्हतं. डोकं भादरलेलं. लोक यायचे, बसायचे, जायचे. मी सगळ्यांना 'हो' म्हणायचो. 'वाईट झालं.' 'हो.' 'सुटले बिचारे.' 'हो.' पुण्याहून मॅनेजरचा फोन आला, 'रजेवर आहेस माहितीये, पण एवढं एकच बघशील का?' त्यालाही हो म्हणून बसलो.

आईला वेगळीच काळजी. मी रडलो नव्हतो. स्मशानात नाही, नंतरही नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती हळूच सांगायची, 'आतल्या आत ठेवतोय हो.' आत काय ठेवलंय ते मीही पाहून आलो होतो. काही सापडलं नव्हतं.

काम होतं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचं. आम्ही जावामध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर तिथल्या सर्वरवर चालायचं. माल भरलेली गाडी बाहेर काढायची तर त्यातून गेट पास निघावा लागतो. पास नाही तर वॉचमन साखळी सोडत नाही. आणि मधेच कधीतरी तो पास निघायचाच नाही. आमच्या टेस्ट सर्वरवर मात्र तोच प्रोग्रॅम पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा शहाण्यासारखा वागायचा. म्हणजे चालत्या सर्वरमध्येच डोकावणं आलं. घरी बसून लॅपटॉप तिकडे जोडायचा आणि ज्या ओळीचा संशय आहे तिच्यावर ब्रेकपॉइंट लावायचा. प्रोग्रॅम तिथे आला की जागच्या जागी थबकतो. मग त्याचे खिसे तपासायचे आणि 'जा आता' म्हणून सोडायचं. तुम्ही सोडत नाही तोवर तिकडची खरी माणसं मात्र खोळंबतात. म्हणून असले उद्योग जेवणाच्या सुट्टीतच करायचे.

कारखान्यातून माल रवाना करायचं काम अण्णांकडे होतं. त्यांना फोन केला.

'बघा की निवांत,' अण्णा म्हणाले. 'पर सुट्टी झाली की आमची गाडी हाय बरं का. मालकाची पहिलीच फॉरेनची ऑर्डर. दुपारी हितनं हालली तरच मुंबईला जहाज गावतंय. न्हायतर मालक माझं डोकंच भादरतील.' मग त्यांना आठवलं आपण कुणाशी बोलतोय ते. 'तसं न्हवं ओ साहेब...'

'हो,' मी म्हणालो.

ब्रेकपॉइंट लावला आणि दारात रिक्षा थांबली. वेळापूरची आत्या, वडिलांची मावसबहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला आधी येता आलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्या दिवसांचं रडणं ती एकदमच घेऊन आली होती. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. पोटभर रडली आणि मग पदराने डोळे पुसून तशीच बसून राहिली.

सुतकात भेटायला आलेलं माणूस उठेपर्यंत घरच्यांनी उठायचं नसतं. त्यात निघताना 'येतो' म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे माणूस उठणार कधी याचा अंदाजही लागत नाही. आत्या काही उठायच्या बेतात दिसेना. माझा हातही तिने सोडला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ सांगत होतं की कारखान्यातली सुट्टी संपली.

शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. अण्णाच, दुसरं कोण! मला सगळं दिसत होतं. गाडी, साखळी, घामाघूम अण्णा आणि मी ब्रेकपॉइंट लावलेल्या त्या ओळीवर थबकलेला त्यांचा पास. घाबरायला हवं, हे कळत होतं. घाबरायला काही होत नव्हतं.

आत्याचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच थांबला.

'आगं वैनी, बग की! पोरगं थरथराय लागलंय! रड बाबा, रड. मोकळा हो.'

इतक्या दिवसांत माझं डोकं चाललं ते इथे. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि एक हुंदका काढला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड झालो होतो, त्यानंतरचा हा माझा पहिलाच अभिनय. पण आत्याने चटकन हात सोडला, बायकांनी पाय जवळ घेतले आणि वाट मोकळी झाली. 'जाऊ दे त्याला,' आई म्हणाली, 'एकट्याला रडू दे.'

आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलो, दार लावून फोन घेतला.

'ओ साहेब, पास निघंना की! डायवर इंजन चालू करून बसलाय. मी किती येळा बटण दाबलं!'

तिथेच घोळ होता. त्यांनी जितक्या वेळा बटण दाबलं तितके पास त्या ओळीवर येऊन एकामागे एक उभे होते. शहाण्या माणसाने आधी ब्रेकपॉइंट काढून मग सगळ्यांना एकदम सोडलं असतं. मी एकेकाला सोडत बसलो. एक गेला की दुसरा हजर. मी आपला कीबोर्डवरचं तेच बटण ठोकतोय, ठक, ठक, ठक.

बाहेरून आत्या ओरडली, 'भितीवर डोकं आपटतोय का काय, बगा गं कुनीतरी!'

'निघाला!' फोनवर अण्णा. 'निघाला साहेब! आन ह्यो अजून एक. अजून एक. ओ, एका गाडीला किती पास देताव?'

'एक वॉचमनला द्या, बाकीचे फाडा.' ब्रेकपॉइंट काढायचं मला तेव्हा सुचलं.

'काय झालतं ओ?'

'थांबला होता.'

'असा मधीच?'

'हो.'

साखळी पडल्याचा आवाज आला, मग हॉर्न. 'गेली बगा,' अण्णा म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. मी तो शेजारच्या घरातला टीव्ही ऐकावा तसा ऐकला.

मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या तोंडाने बाहेर आलो. कुणाला काही शंका आली नाही. 'आज मोकळा झाला,' आई आत्याला सांगत होती. मग बहिणीला म्हणाली, 'मलाही वाढ गं थोडं.' इतके दिवस ती नुसती ताटावर बसून उठायची. त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली. मी समोर बसून तिला आमटी वाढली आणि तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मॅनेजरला कळवलं, पास का अडकतो ते सापडलं नाही, उद्या जेवणाच्या सुट्टीत परत बघतो. उद्या त्याच वेळेला करमाळ्याचे मामा यायचे होते. टॉवेल तेवढा हाताशी ठेवला.