म्हशीला घर द्यायचं नाही!

घर विकायला काढलं की गिऱ्हाईक नंतर येतं, किस्से आधी येतात. आमच्या स्टाफरूममध्ये कोणी प्लॉटचा नाहीतर घराचा विषय काढला, की सगळ्या माझ्याकडे बघतात. "बाई, ते केदारखेड्याचं होऊन जाऊ द्या!" मग मी डबा बंद करते आणि सुरू होते. कितीदा सांगितलं तरी एखादा किस्सा राहूनच जातो.

तर, बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. मी जालन्याला शाळेत नोकरीला आणि माय केदारखेड्याला एकटी. वडील गेले, तिची नजर कमी होत चालली, म्हणून तिनं माझ्याकडे यावं असा मी हट्टच धरला. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर.

"घर विकीन, पण चूल पेटवणाऱ्याला. शेजारच्याला न्हाई."

शेजारचे म्हणजे गोविंदकाका. त्यांची आमची मधली भिंत एकच. ती पाडून आमच्या घरात म्हशींचा गोठा करायचा, हे त्यांनी वडिलांच्या तेराव्यालाच बोलून दाखवलं होतं. जेवता जेवता! माय तेव्हा पंगतीत वाढत होती.

"माझ्या चुलीच्या जागी तुमची म्हैस बसणार न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "बुंदी घ्या."

* * *

वैर कशावरून, तर पाण्यावरून. घरं धाब्याची, मातीच्या छताची. आमच्या छताचं पन्हाळ काकांच्या अंगणात उतरायचं. एका पावसाळ्यात काका नवं धोतर नेसून लग्नाला निघाले आणि नेमके पन्हाळाखाली आले. सगळा चिखल धोतरावर!

पण काका भांडणातही नेमाचे. तेव्हा गावात काडेपेटी जपून वापरायचे. चूल विझली की शेजारून गोवरीवर विस्तव आणायचा. काकांच्या आईनं त्यांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की ज्या घरी आपला विस्तव गेला, त्या घराच्या वाईटावर राहायचं नाही. म्हातारी जाऊन किती वर्षं झाली, पण काका तिच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत.

म्हणून त्यांनी आधी काकूंना बजावलं, "आजपासून तिकडं विस्तव द्यायचा न्हाई. बिलकुल न्हाई!"

आणि मग निवांत भांडायला बसले.

* * *

पहिलं गिऱ्हाईक पिंपळगाव रेणुकाईचं. किराणा दुकानदार, माणूस सरळ. घर त्याला पसंत पडलं. बाहेर आला तर काका ओट्यावर पान लावत बसलेले.

"घर एक नंबर हे," काका म्हणाले. "तेवढा भिंतीतला साप सोडला तर."

"साप?"

"गरीब हे बिचारा. आजवर कोनाला चावला न्हाई. आता नवीन मानसाला ओळखंल का न्हाई, ते काय सांगता येत न्हाई."

दुकानदाराचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून मायचा आवाज आला, "अवो भाऊजी, तो तुमच्याच घरून येतो की! भिंत एकच हे ना आपली!"

दुकानदार गेला तो गेलाच. पण काकूंनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी घरात झोपायला साफ नकार दिला. शेवटी काकांना स्वतःच पसरवलेल्या सापासाठी स्वतःच्या घरातली बिळं एक एक करून बुजवावी लागली.

* * *

दुसरं गिऱ्हाईक रिटायर झालेले एक कारकून. ते येणार ही बातमी काकांना लागली आणि सकाळीच त्यांनी आपली म्हैस आमच्या दारात आणून बांधली. आत जायला वाट नाही. मी सोडायला गेले तर मायनं मला थांबवलं.

"राहू दे. जल्दी बादली आन."

तिनं म्हशीपुढे पेंड टाकली, पाठीवरून हात फिरवला आणि बसली धार काढायला! कारकुनांना भिंतीकडून कसंबसं आत घेतलं आणि घट्ट दुधाचा चहा दिला. चहाच्या वासानं काका धावत आले.

"वैनी, म्हैस माझी हे!"

"अन् दार माझं हे. दारात आलेली लक्ष्मी तशीच माघारी पाठवू का?"

त्यानंतर म्हैस काही आमच्या दारात दिसली नाही. कारकूनही दिसले नाहीत. जाताना मला म्हणाले, "चहा फार छान झाला, बाई. पण या वयात मला रोजचं भांडण पचायचं नाही."

* * *

असे किती आले आणि किती गेले. मी दर रविवारी एसटीनं जालन्याहून यायचे आणि हात हलवत परत जायचे. एका रविवारी मात्र मी वैतागले. मायला ठेच लागून गुडघा फुटला होता आणि तिनं मला ते सांगितलंही नव्हतं.

"देऊन टाक काकांना," मी म्हणाले. "गोठा करू दे नाहीतर उकिरडा. मला तू पाहिजेस, घर नको." बोलताना मला रडू आलं.

माय चूल सारवत होती. विकायला काढलेल्या घराची चूल ती दर रविवारी नव्यानं सारवायची.

"कशाला करतेस हे?" मी चिडून विचारलं.

"बघनाऱ्याला चूल दिसली पायजे, शालू. म्हैस बांधायची जागा न्हाई." आणि सारवलेल्या हातानंच तिनं माझे डोळे पुसले. माझ्या गालाला शेणमाती लागली ती लागलीच.

* * *

आता नर्सबाईंचा किस्सा. गावच्या दवाखान्यातल्या या नर्सबाई बौद्ध. नवरा शाळेत मास्तर. भाड्याच्या खोलीला कंटाळून त्यांना स्वतःचं घर पाहिजे होतं. आता दिवस कोणते? नसबंदीचे! आरोग्य खात्याची जीप दिसली की गावातले बापे शेतात पळायचे. नर्सबाई जीपमधून आमच्या दारात उतरल्या, आणि ओट्यावर पान लावत बसलेले गोविंदकाका पानदान तिथंच टाकून मागच्या दारानं गायब!

नर्सबाईंनी आरामात घर बघितलं. चूल बघितली, भिंती ठोकून बघितल्या, चहा घेतला. साप नाही, म्हैस नाही, कुणाचा आवाज नाही.

"गल्ली शांत दिसते हो," त्या म्हणाल्या.

मायनं गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. काका तेव्हा तुरीच्या शेतात उकिडवे बसले होते. ते घरी आले तोवर व्यवहार ठरला होता!

* * *

मग काकांनी उरलंसुरलं हत्यार बाहेर काढलं. पारावर जाऊन म्हणाले, "आपल्या गल्लीत ह्या लोकायला कशाला? आजवर कधी झालं का असं?"

दोन-चार म्हातारे मायला समजावायला आले. ती ओट्यावर डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजेक्शन टोचून घेताना तिचा हात चालतो. मंग भिंतीला भिंत का चालत न्हाई?" म्हातारे धोतर झटकून उठले.

मला मात्र काळजी वाटत होती. आम्ही जालन्याला निघून जाऊ, पण या बाईला काकांच्या भिंतीला भिंत लावून राहायचंय. मी नर्सबाईंना तसं स्पष्ट सांगितलं.

"मला माहिती आहे ताई," त्या म्हणाल्या. "पण या गल्लीतली निम्मी लेकरं माझ्या हातावर जन्मलीत. गल्ली त्यांच्याइतकीच माझीपण आहे." पण काळजी काही गेली नाही. मायच्याही मनात तेच होतं.

* * *

घर सोडायचा दिवस. आमचं सामान बैलगाडीतून सकाळीच पुढं गेलं. नर्सबाई आणि मास्तर ट्रंका घेऊन आले. मायनं नर्सबाईंच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "आता चूल पेटव, बाई. पहिला चहा मी पिऊन जाते." सरपण रचलं, भांडं ठेवलं. आणि काडेपेटीच नाही! नर्सबाईंची कुठल्या ट्रंकेत होती कुणास ठाऊक.

"आपली गाडीत गेली, बघ," माय म्हणाली.

"मी दुकानातून आणते," मी उठले.

"दुकानापोत्तर कशाला? शेजार हे की."

मला काही कळायच्या आत तिनं एक खापर उचललं, नर्सबाईंचा हात धरला आणि सरळ काकांच्या दारात! कित्येक वर्षांत तिनं तो उंबरा बघितला नव्हता. सगळी गल्ली दारादारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, विस्तव द्या. हिची पहिली चूल हे."

काका दारात आडवे उभे.

"तुमच्या सुनेला कितवा महिना चालू हे?" मायनं विचारलं.

"आठवा," आतून काकू घाईघाईनं म्हणाल्या.

"मंग सांगा. पोरीच्या पोटात दुखायला लागलं, तर भिंतीपलीकडून कोन यायला पायजे? नर्स का म्हैस?"

गल्लीतलं कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी एकदा खापराकडे, एकदा नर्सबाईंकडे बघितलं. मग आत गेले, चिमटा घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं एक एक निखारा खापरात ठेवत गेले. शेवटचा ठेवला आणि खाली बघतच म्हणाले, "फुंकर घालत न्या, बाई. इझंल."

चूल पेटली. चहा झाला. काकूंनी अंगणाच्या भिंतीवरून दूध दिलं.

जालन्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मायनं सुपारीसाठी कमरेची पिशवी सोडली. अडकित्ता काढताना आतून काहीतरी माझ्या मांडीवर पडलं. मी उचलून बघितलं.

काडेपेटी. भरलेली!

मी मायकडे बघितलं. ती म्हणाली, "सुपारी खातीस का?"